वाटा विषम, शिक्षा समान

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या नावावर, राजद्रोहाच्या कलमाने घेतलेल्या नव्या अवतारावर, पोलीस कोठडीच्या वाढलेल्या मुदतीवर बरेच लिहिले गेले, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. परंतु एका कलमातील दोन-तीन शब्दांच्या बदलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुन्या संहितेचे कलम ३९६ असे होते: पाच किंवा अधिक जण मिळून दरोडा घालीत असताना त्यांपैकी कोणीही एकाने खून केला, तर त्या प्रत्येकास देहदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी व्हावी. नव्या संहितेत तेच कलम ३१० चे तिसरे उपकलम झाले आहे. शब्द जवळजवळ तेच आहेत. मात्र सक्तमजुरी आता ‘दहा वर्षांपर्यंत’ नव्हे, तर ‘दहा वर्षांहून कमी नसलेली’ असावयाची आहे. कालपर्यंत जे छप्पर होते तेच आज जोते झाले. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना ज्या घाईने ही संहिता संमत करण्यात आली, त्या घाईत या फरकाची चर्चा होणार तरी कशी?

फरक लहान वाटेल. तो कोणाच्या आयुष्यावर पडतो हे पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात, भांडगाव आहे. त्या शिवारातील एखाद्या आडबाजूच्या वस्तीवर रात्री पाच जण चोरीसाठी जातात असे समजू. चौघे घरात शिरतात. पाचवा, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, रस्त्याच्या कडेला टेम्पोजवळ उभा आहे. कोणी आले तर शीळ घालावयाची एवढेच त्याचे काम, आणि त्याबद्दल त्याला पाचशे रुपये मिळावयाचे आहेत. घरातला म्हातारा जागा होतो, ओरडतो, आणि चौघांपैकी एक जण त्याच्या डोक्यात पहार घालतो. पोराने पहार पाहिलेली नाही, म्हातारा पाहिलेला नाही, ओरडणेही ऐकलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तोही ‘मिळून दरोडा घालणाऱ्यां’पैकीच एक आहे, कारण जागेवर हजर राहून साहाय्य करणाराही दरोडेखोरांच्या संख्येत मोजला जातो. खून झाला हे सिद्ध झाले आणि पोरगा तेथे होता हे सिद्ध झाले, की पुढे काही सिद्ध करावयाचे उरत नाही. त्याला काय ठाऊक होते, काय हवे होते, हा प्रश्न आरोपाच्या टप्प्यावर गैरलागू ठरतो. तो प्रश्न पूर्वी शिक्षेच्या टप्प्यावर तरी विचारता येत असे. न्यायाधीश सहृदय असेल तर पहार घालणाऱ्याला जन्मठेप देऊन पोराला चार-पाच वर्षांवर सोडू शकत असे. नव्या कायद्याने हे दारही लावून घेतले.

इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात या तत्त्वाला जुनी परंपरा आहे. एखादा गंभीर गुन्हा करीत असता कोणाचा मृत्यू ओढवला, तर मारण्याचा हेतू असो वा नसो, तो खूनच समजावा, असा तो नियम. अमेरिकेत तो इतका ताणला गेला आहे, की काही राज्यांत पोलिसाच्या गोळीने चोराचा साथीदार मेला तरी खुनाचा आरोप उरलेल्या चोरावर येतो. आपल्याकडे हा नियम त्या उघड्या स्वरूपात आला नाही, आणि त्याचे श्रेय, सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते, लॉर्ड मेकॉलेला द्यावे लागते. आपल्या वाङ्मयाला कपाटाची एक फळी देऊन वाटेला लावणाऱ्या या गृहस्थाने १८३७ च्या दंड संहितेच्या मसुद्यात मात्र एक अत्यंत स्वच्छ विचार मांडला. मोठ्या शहरांत शेकडो खिसेकापू असतात. त्यांपैकी एकाचा हात नेमका अशा माणसाच्या खिशात जातो की ज्याच्या खिशात भरलेले पिस्तूल आहे. चाप ओढला जातो आणि तो माणूस मरतो. उरलेल्या खिसेकापूंची करणी तीच, हेतू तोच, जोखीमही तीच. मग या एकाला खुनी का म्हणावे? म्हणून गुन्हा करताना निव्वळ अपघाताने मृत्यू घडला तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा द्यावी, अधिक काही नाही, असे त्याने सुचविले. १८६० च्या संहितेतील सदोष मनुष्यवध आणि खून यांच्या व्याख्यांत हेतू व जाणीव यांना जे मध्यवर्ती स्थान मिळाले ते याच विचारसरणीतून. अमेरिकन न्यायपंडित होम्स याने १८८१ मध्ये हाच मुद्दा उपहासाने मांडला: चोरी थांबविणे हाच या नियमाचा उद्देश असेल, तर दर हजार चोरांतील एकाला चिठ्ठ्या टाकून फाशी देणे अधिक उपयुक्त ठरेल.

मग दरोड्याच्या बाबतीत ही स्वच्छता का टिकली नाही? कारण दरोडा हा कंपनी सरकारच्या लेखी केवळ मालमत्तेविरुद्धचा गुन्हा नव्हताच. तो सत्तेला दिलेला शह होता. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या नियमावलीत बंगालमधील दरोडेखोराला त्याच्याच गावात फाशी देण्याची, गावाला दंड करण्याची आणि त्याच्या कुटुंबीयांना सरकारचे गुलाम करण्याची तरतूद होती. १८३६ च्या ठगीच्या कायद्यात टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळीची जागा जमातीने घेतली. त्याची पुढची आवृत्ती १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाली, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणामागे माणसे जन्मली, गिरणीत राबली आणि मेली. व्यक्तीचे कृत्य शोधावयाचे नाही, समूह धरावयाचा, ही त्या राज्यकर्त्यांची रीत. कलम ३९६ ची मुळे या मातीत आहेत.

या भागाला तर हा इतिहास सांगावाच लागू नये. वासुदेव बळवंत फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये पहिली लूट केली ती शेजारच्या शिरूर तालुक्यातील धामारीत. सरकारी कागदपत्रांत तो दरोडाच आहे. आणि भांडगाव ज्या रस्त्यावर आहे त्याच्या दुसऱ्या टोकाला, सोलापुरात, मे १९३० मध्ये खवळलेल्या जमावाने दोन पोलिसांना ठार केले, त्याबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढविण्यात आले. जमावाच्या कृत्याची किंमत सरकारने निवडलेल्या चार माणसांकडून वसूल झाली. ‘सर्वांची जबाबदारी’ हे तत्त्व व्यवहारात बहुधा ‘ज्यांना धरणे सोयीचे त्यांची जबाबदारी’ असे होते.

या नियमाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो अर्थशास्त्राच्या भाषेतला आहे, म्हणून त्याच भाषेत तो तपासावा. शिक्षा ही गुन्ह्याची किंमत. किंमत वाढली की मागणी घटते. सर्वांना सर्वांच्या कृत्याबद्दल फाशी होईल हे कळले, की टोळीतला प्रत्येक जण दुसऱ्याचा हात धरील. १९६८ मध्ये गॅरी बेकर या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञाने गुन्ह्याचे जे गणित मांडले त्याची ही सवंग आवृत्ती आहे. यातील पहिली गफलत म्हणजे टोळी ही समान भागीदारांची सहकारी संस्था असल्याचे गृहीत धरले आहे. वस्तुतः टोळीतही मालक असतो, मुकादम असतो आणि रोजंदारीवरचा गडी असतो. बेत मालक ठरवितो, हत्यार मुकादम बाळगतो, लुटीचा मोठा हिस्सा ते दोघे घेतात. रस्त्यावर उभा केलेला पोरगा कोणाचा हात धरणार? ज्याच्यापुढे त्याला दिवसा मान वर करता येत नाही त्याचा? वाटा विषम आणि शिक्षा समान, असा हा हिशेब आहे. दुसरी गोष्ट बेकारियाने १७६४ मध्येच सांगितली होती: लहान व मोठ्या अपराधाला एकच शिक्षा ठेवली, तर मोठा अपराध टाळण्याचे कारणच उरत नाही. एकाचा खून झाला म्हणून पाचही जणांच्या गळ्यात फास पडणारच असेल, तर साक्षीदार जिवंत ठेवण्यात पाचही जणांचा तोटा आहे.

तिसरी गोष्ट कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांना ठाऊक असेल. सर्वांवर सारखाच आरोप असला, की माफीचा साक्षीदार होण्याची घाई सुरू होते. जो आधी बोलेल तो सुटेल. आणि आधी कोण बोलतो? ज्याला वकील परवडतो, ज्याला पोलीस ठाण्याची भाषा समजते, ज्याच्यापाशी सांगण्यासारखे अधिक आहे, म्हणजे बहुधा जो कटाच्या केंद्राजवळ होता तो. टेम्पोजवळच्या पोराजवळ विकण्यासारखी माहितीच नसते.

आता कल्पित उदाहरण बाजूला ठेवून महाराष्ट्रात घडलेले एक प्रकरण पाहावे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबाच्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका भीषण की त्याविषयी लिहितानाही संकोच व्हावा. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निष्पन्न झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, त्यांतील बरीचशी फाशीच्या छायेत.

कोणी म्हणेल, ही ओळखीची चूक. तिचा कलम ३९६ शी काय संबंध? संबंध आहे, आणि तो खोल आहे. साध्या खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाला सांगावे लागते की घाव कोणी घातला, कशाने घातला, का घातला. या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात खोटेपणा उघडा पडण्याची एकेक संधी असते. जेथे हजेरी हाच गुन्हा, तेथे हे सारे प्रश्न गळून पडतात आणि एकट्या ओळख परेडीवर सहा माणसांचे प्राण टांगले जातात. एक चूक झाली की ती सहा पटींनी होते. आणि अशा चुकांसाठी पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहात, रात्रीच्या गस्तीत, ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ या नेहमीच्या बातमीत कोणत्या वस्त्यांवरची माणसे सापडतात, हे दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; ठाण्यातील नोंदवहीने तो अद्याप वाचलेला नाही.

हेच तत्त्व समाजाच्या वरच्या मजल्यावर कसे वागते पाहा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मेली. सुरक्षेवरचा खर्च वाचविणे हा काही पाच जणांनी रात्री केलेला बेत नव्हता; तो दिवसाढवळ्या, हिशेबाच्या वहीत झालेला निर्णय होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील अधिकाऱ्यांवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून तो निष्काळजीपणाचा केला, आणि २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित, हे तर कंपनी कायद्याचे पहिलेच सूत्र. नफ्याच्या भागीदाराला मर्यादित जबाबदारी आणि चोरीच्या रोजंदाराला अमर्याद, ही आपली न्यायबुद्धी.

१९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या मोक्काने, तर मेकॉलेने अडविलेला नियम जवळजवळ जसाच्या तसा आत घेतला. संघटित गुन्ह्याचा ‘परिणाम म्हणून’ मृत्यू झाला, की देहदंड किंवा जन्मठेप; खून झाला हेही सिद्ध करण्याची भाषा तेथे नाही. २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १११ ने तीच शब्दरचना साऱ्या देशाला लागू केली आहे. विशेष कायदा विशेष प्रसंगासाठी, असे तेव्हा सांगण्यात आले होते. पंचवीस वर्षांत तो सर्वसाधारण झाला.

येथे आपल्याच बाजूची एक खरी अडचण टाळून चालणार नाही. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांना जमावाने मारले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अशा वेळी कोणाच्या काठीने कोण मेला हे सिद्ध करा असे म्हणणे म्हणजे सर्वांना सोडून द्या असे म्हणणे होय. सामूहिक जबाबदारी हे दुर्बळांच्याही हातातील शस्त्र आहे, आणि ते बोथट करा असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही.

परंतु तेथे लागू होणारे तत्त्व वेगळे आहे. बेकायदेशीर जमावाचे जुने कलम १४९, आताचे १९०, एवढेच विचारते: जे घडले ते जमावाच्या समान उद्देशासाठी घडले काय, किंवा ते घडण्याचा संभव आहे हे या माणसाला ठाऊक होते काय? कोंडून ठेवलेल्या पाच जणांवर लाठ्या चालत असताना भोवती उभे राहून मारा म्हणणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक असतेच. जाणिवेचा हा धागा तेथे शाबूत आहे. दरोड्याच्या कलमात तोच तुटलेला आहे. न्यायमूर्ती विवियन बोस, जे नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांनी १९५४ च्या डिसेंबरात पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य या खटल्यात हा भेद फार नेमकेपणाने मांडला. अनेक जण एकाच वेळी एकाच माणसावर तुटून पडतील, प्रत्येकाच्या मनात तोच हेतू असेल, तरी आधीच्या मनोमीलनाशिवाय तो सर्वांचा ‘समान’ हेतू होत नाही. आणि हे मनोमीलन सिद्ध करावे लागते. म्हणून पांडुरंगाची खुनाची शिक्षा रद्द होऊन त्याला त्याच्या स्वतःच्या घावापुरतीच शिक्षा झाली. प्रत्यक्ष कुऱ्हाड चालविणाऱ्याला जो न्याय मिळाला तो टेम्पोजवळच्या पोराला का मिळू नये?

ज्या इंग्लंडने हा नियम जगाला दिला त्याने तो १९५७ मध्येच टाकून दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, रस्त्यावर मोटारीजवळ थांबलेल्या एका साथीदाराच्या खटल्यात, ज्याने मारले नाही, मारण्याचा प्रयत्न केला नाही, मारण्याचा हेतू धरला नाही त्याला देहदंड देता येणार नाही असे म्हटले. पुढे १९८७ मध्ये त्यातून थोडी माघार घेतली. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदाच बदलला आणि जुन्या कैद्यांना फेरविचाराचा मार्ग खुला केला. याच काळात आपण मात्र ‘वसाहतवादी कायदे गाडले’ अशी घोषणा करीत वसाहतीच्या कायद्यातील एकच उदार शब्द तेवढा गाडला.

मागणी म्हणून मांडावयाची ती मोठी नाही. कलम ३१० (३) मध्ये ‘खून होण्याचा संभव आहे हे ज्याला ठाऊक होते’ एवढे शब्द घालावेत, आणि दहा वर्षांची किमान मर्यादा काढावी. कलम १११ मध्ये मृत्यूशी आरोपीच्या जाणिवेचा संबंध जोडावा. हे होईपर्यंत तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोगे काम बरेच आहे, आणि ते पहिल्या रिमांडच्या दिवसापासून सुरू होते. दौंडच्या न्यायालयात वस्तीवरची माणसे उभी केली जातात तेव्हा त्यांच्या बाजूने कोणी हजर असणे, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील त्याच दिवशी मिळविणे, वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला शोधून काढणे, ओळख परेडीपूर्वी आरोपीचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले असेल तर ते कात्रण जपून ठेवणे. आणि एक प्रश्न आवर्जून विचारणे. चार जणांनी केली तर ती जबरी चोरी, पाच जणांनी केली तर दरोडा. खुनाची सामूहिक जबाबदारी या कलमाखाली पाचव्या माणसाशिवाय उभी राहत नाही. आरोपपत्रात चौघांची नावे आणि ‘एक अनोळखी फरारी इसम’ असे लिहिलेले असेल, तर तो पाचवा कोणी पाहिला, कोठे पाहिला आणि कोणत्या साक्षीदाराच्या पहिल्या जबाबात त्याचा उल्लेख आहे, हे वकिलाला आरोपनिश्चितीपूर्वीच विचारावयास लावावे.